सुई कुठाय?

४ फेब्रुवारी

ती. कंदीलमावशीस नमस्कार.

कवळी आता टोचत नसेल असं धरून चालते. डावीकडे मी घासून दिली आहे. तरी बोचलीच तर टपालाने पाठव, पण स्वतः कानस घेऊन बसू नकोस. मागच्या खेपेला तू तिची जी दशा केली होतीस ती मी आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना दाखवली. इतकी वर्षं मी लोकांचे दात करते आहे, पण तसला दात आमच्यात कुणीच पाहिला नव्हता.

फोनच केला असता, पण तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. म्हणून पत्र.

आईला जाऊन चार महिने झाले. परवा तिची खोली आवरायला घेतली. शिलाई मशीनच्या मागे, चिंध्यांच्या गाठोड्याखाली एक पत्र्याची पेटी निघाली. वरच्या थरात छावणीचे बिल्ले आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून रंगवलेला कापडी फलक होता. ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. खाली मात्र भलत्याच वस्तू होत्या. लहान मुलाचा एकच पिवळा मोजा, हात तुटलेली बाहुली, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो, दाराची किल्ली, खुळखुळा, वेणीची रिबन. प्रत्येक वस्तू वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवलेली. यातलं काहीही आमच्या घरातलं नाही. कुणाचं आहे हे?

संग्रहालयातल्या बाई येऊन सगळं बघून गेल्या. छावणीवर प्रदर्शन भरणार आहे हे तुला ठाऊकच आहे. बाई तरुण आहेत, त्यांनी सगळं पुस्तकांतून वाचलंय. क्षेपणास्त्रांच्या तळाबाहेर बायका तीन वर्षं तंबू ठोकून राहिल्या, पुरुषांना तिथे मुक्कामाला बंदी होती, एवढं त्यांना माहीत होतं. पोलिसांना खरी नावं कळू नयेत म्हणून प्रत्येकीला, ती येताना हातात जे घेऊन आली त्याचंच नाव पडायचं, हे मात्र मी सांगितलं. आई शिवणाचा डबा घेऊन आली म्हणून सुई, आणि तिची मुलगी म्हणून मी बटण. त्या खूप हसल्या आणि लिहून घेतलं.

मग म्हणाल्या की छावणीतल्या सगळ्यांची नावं भिंतीवर लिहायची आहेत. नावांची खात्री करून द्यायला तुम्हां जुन्यांपैकी आता तू एकटीच उरली आहेस. बाकीची नावं तू लगेच कळवलीस, पण आईच्या नावापुढे 'विचार करून सांगते' असं लिहिलंस. मी म्हटलं, काहीतरी गफलत असेल. तर त्यांनी मला तुझं अक्षर दाखवलं.

मावशी, आई तीन वर्षं त्या चिखलात राहिली. यात विचार कसला करायचाय?

तुझी
बटण


११ फेब्रुवारी

चि. बटणास आशीर्वाद.

कवळी उत्तम बसली आहे. काल कडक पाव खाल्ला आणि खालच्या लॉन्ड्रीवाल्याला वर बोलावून दाखवला. त्याचे स्वतःचे दात आहेत, तरी त्याला तो चावला नाही.

पेटीतलं काहीही इतक्यात कुणाला देऊ नकोस. त्या संग्रहालयवाल्या बाईला तू कितीशी ओळखतेस? तिचं ओळखपत्र पाहिलंस का? छावणीत एकदा एक वार्ताहर बाई आली होती. गोड बोलायची, आमच्याबरोबर भांडी घासायची. तिसऱ्या दिवशी मी तिचे बूट पाहिले. चिखलात राहायला आलेली बाई बुटांना पॉलिश करत नाही. ती पोलिसांची निघाली. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाआधी पाय बघते. तूही बघत जा.

तू एवढ्या वस्तूंबद्दल लिहिलंस, पण पेटीत कागद होते का? एखादी चिठ्ठी, पाकीट, कुणाचा पत्ता? असतील तर वाचत बसू नकोस, तसेच माझ्याकडे पाठवून दे. त्या दिवसांत बायका काय वाटेल ते लिहायच्या. मेल्या माणसाचं सगळंच वाचायचं नसतं.

नावाचं म्हणशील तर मी म्हातारी बाई. मला सगळं नीट आठवायला वेळ लागतो. घाई कशाला करतेस?

तुझी
मावशी


१८ फेब्रुवारी

ती. मावशीस,

तुला आठवायला वेळ लागतो हे तू दुसऱ्या कुणाला सांग. छावणीतल्या कुत्रीला पिल्लं किती झाली आणि त्यातलं कोणतं कुणी नेलं, हे तू मला मागच्याच वर्षी जेवता जेवता सांगितलंस.

मी बाईंचे बूट पाहिले. कॅनव्हासचे आहेत आणि एकाची नाडी तुटलेली आहे. मग मला वाटलं, आपण आता दुसऱ्या कुणाचे तरी पाय बघावेत.

पेटीत कागद नाहीत. पण तू पहिलं तेच विचारलंस म्हणून मला एकेक गोष्ट आठवायला लागली. आईला पोचवून आम्ही घरी आलो त्या दिवशी तू तिच्या खोलीत दार लावून बसली होतीस. शेजारच्या काकू तुला पाणी द्यायला गेल्या तर तू कपाटाचा खालचा खण उपसत होतीस. त्या मला तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी त्यांना गप्प केलं, म्हटलं मावशी आठवण म्हणून काहीतरी शोधत असेल.

आणि आई असतानाही तेच. तू दरवर्षी आठवडाभर राहायला यायचीस. आई चहा करायला आत गेली की शेल्फावरचं एकेक पुस्तक काढून उलटं धरून झटकायचीस. मी शाळेतून येऊन दारातून पाहिलंय. मला वाटायचं, मावशी नर्स आहे, हिला धूळ खपत नाही. आमच्या घरात धूळ नव्हतीच गं. आई रोज पुसायची.

ताकास तूर लागू न देता तू छान पत्र लिहितेस. पण आता मी सरळ विचारते. इतकी वर्षं तू आमच्या घरात काय शोधत होतीस? आणि आईचं नाव भिंतीवर लागू नये असं तिने काय केलं?

बटण


२ मार्च

चि. बटणास,

सरळ विचारलंस, तर सरळ सांगते. तुला हे कधी कळू नये असं मला वाटत होतं. पण तूच उकरून काढते आहेस.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही ठरवलं की कुंपण कापायचं, आत शिरायचं आणि क्षेपणास्त्रं ठेवली होती त्या टेकाडावर जाऊन बसायचं. सगळ्यांनी बसायचं. मग काय करायचं ते त्यांनी करावं. कुठे कापायचं ते चौघींनाच माहीत होतं. मी, तुझी आई, छत्री आणि शिट्टी. बाकीच्या आमच्या मागून येणार होत्या. इतकं गुप्त की आम्ही आपापसांतसुद्धा त्या जागेचं नाव घेत नव्हतो.

कुंपणाची रीत तुला आईने सांगितली असेल. बॉम्ब पडला तर आपलं काय जाईल, ती वस्तू प्रत्येकीने घरून आणून तारेला टांगायची. मोजे, फोटो, किल्ल्या, खेळणी. लांबलांबून बायका रविवारी यायच्या आणि काहीतरी बांधून जायच्या. मैलभर कुंपण नुसतं भरून गेलं होतं. आम्ही कापणार होतो तिथेही वस्तू होत्या. तारा कापताना कुणाच्या लेकराचा मोजा फाटायला नको, म्हणून दोन दिवस आधीच आम्ही तेवढ्या जागेवरच्या वस्तू उतरवल्या. ती कल्पना माझी. छत्रीने मला तेव्हा मिठी मारली होती. मावल्या तेवढ्या आजूबाजूला टांगल्या आणि उरलेल्या जपून ठेवायला तुझ्या आईकडे दिल्या. तुला सापडल्या त्या ह्याच. चोरीच्या नाहीत, एवढी तरी खात्री बाळग.

पहाटे आम्ही गेलो. पहिली तार कापली मात्र, आतून दिवे लागले. झुडपांमागे शिपाई दबा धरून बसले होते, नेमके त्याच जागी. अलीकडे नाही, पलीकडे नाही. एकच झोंबाझोंबी झाली. छत्री खाली पडली आणि दोघे तिच्या कमरेवरून धावत गेले. त्यानंतर ती कधीही सरळ चालली नाही. पोलिसांच्या गाडीत आम्ही अंधारात एकमेकींना चाचपत होतो. छत्री माझ्या मांडीवर होती. तिने डोळे उघडले आणि विचारलं,

"सुई कुठाय?"

सुई आदल्या संध्याकाळी घरी गेली होती.

त्याच आठवड्यात त्यांनी छावणी उठवली. कुंपणावरचं सगळं ओरबाडून काढलं, ढीग केला आणि पेटवून दिला. आम्ही पांगलो. पण छत्रीचा तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. कुणी फोडल्याशिवाय शिपायांना जागा कळेलच कशी? आणि माहीत असलेल्या चौघींपैकी बाहेर राहिली ती एकच.

मी तुझ्या आईला कधी विचारलं नाही आणि तिने आपणहून कधी विषय काढला नाही. मी दरवर्षी येत राहिले, की कधीतरी तिच्या तोंडून निघेल. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला काही खवखवलं नाही. म्हणून मग मी पुस्तकं झटकायचे, की एखादी चिठ्ठी पडेल, काहीतरी मिळेल. छत्री जाताना मी तिच्यापाशी होते. तिने माझ्याकडून शब्द घेतला, की सुईला आपल्यात मोजायचं नाही. आता भिंतीवर दोघींची नावं शेजारीशेजारी कशी लिहू देऊ? तूच सांग.

मला तुझ्याबद्दल माया आहे, बटण. ती तशीच राहील.

मावशी


६ मार्च

कंदीलबाईंस,

आज 'तू' लिहायला हात वळत नाही. तेव्हा तुम्ही.

तुम्ही चाळीस वर्षं आमच्या घरी येऊन जेवलात. माझ्या लग्नात पुढे उभ्या होतात. ते सगळं तपासकाम होतं हे वाचून मला इतका राग आला की त्या दिवशी मी एका गृहस्थांचा वरचा जबडा खालच्यासारखा करून ठेवला.

आता माझंही ऐका. आई शेवटच्या महिन्यात बरंच बोलायची, त्यातलं निम्मं गुंगीतलं. पण एक गोष्ट तिने शुद्धीवर असताना सांगितली. मी तिला उशीला टेकवून बसवलं होतं. ती म्हणाली, "कंदीलला आधीच ठाऊक होतं. मी नको नको म्हणत होते, तरी तिनेच मला त्या संध्याकाळी घरी धाडलं. पिशवीसुद्धा तिनेच हातात दिली."

मला तेव्हा काही कळलं नाही. तुमचं पत्र वाचलं आणि कळलं. तुम्हाला वाटत होतं फितूर सुई. सुईला वाटत होतं फितूर कंदील. म्हणून तुम्ही निघून गेलात की ती तुमच्या खुर्चीची गादी उचलून खाली हात घालून बघायची. मी विचारलं तर म्हणायची, सुई पडली असेल. तुम्ही तिला पन्नाशीला टेबलावरचं घड्याळ दिलं होतंत ना? ते चालत का नव्हतं, सांगू? तिने ते दुसऱ्याच दिवशी उघडून आत काही बसवलंय का ते पाहिलं होतं. नंतर तिला ते परत जुळवता आलं नाही.

आता माझे प्रश्न. नेमकं त्याच संध्याकाळी आईला घरी का पाठवलंत? छत्रीची कंबर मोडली, शिट्टीला सहा महिने तुरुंगात ठेवलं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी सुटलात. कशा सुटलात? चोराच्या उलट्या बोंबा म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका.

आईचं नाव भिंतीवर लागलं नाही तर मी पेटीतलं काहीही देणार नाही. आणि का देत नाही ते संग्रहालयाला लिहून देईन.

सुईची मुलगी


१५ मार्च

चि. बटणास,

पत्र वाचून मी दोन दिवस अंथरुणात होते. कुणाला काही सांगितलं नाही.

मी तिला घरी पाठवलं हे खरं. त्या दुपारी शिट्टी गावात पाव आणायला गेली होती, ती तुझ्या आजीचा निरोप घेऊन आली. तुला गोवर निघाला होता आणि ताप उतरत नव्हता. तू सहा वर्षांची होतीस. सकाळी आम्हाला अटक होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. टेकाडावर जाऊन बसणाऱ्याला कुणी हार घालणार होतं का? तिला आत टाकलं असतं तर तुझ्यापाशी कोण बसलं असतं? मी नर्स. गोवरात मुलं गेलेली मी पाहिली होती. ती ऐकेना म्हणून पिशवी भरून हातात दिली आणि हाकललं. नंतर छत्रीने तो प्रश्न विचारल्यावर मला वाटलं, दोनदा सांगितल्यावर निघाली, फार लवकर ऐकलं हिने.

मी सुटले, कारण प्रसूतीच्या वॉर्डात एक बाई अडली होती आणि आमच्या मेट्रनने स्वतः ठाण्यात येऊन हमी दिली. मूल पायाळू होतं. दोघंही वाचली. तुला खरं वाटत नसेल तर त्या हॉस्पिटलात जाऊन विचार.

पण ती असं समजत होती? माझ्याबद्दल? मी आले की उशीला नवा अभ्रा घालायची, माझं पथ्य सांभाळायची. मला ते खरं वाटत नाही. तू रागाच्या भरात रचलं तर नाहीस ना, आईचं नाव लागावं म्हणून? तसं असेल तर अजून सांग, मी काही मनात ठेवणार नाही.

आणि रचलं नसशील, तर माझंही नाव भिंतीवर नको. मी तसं संग्रहालयाला कळवलं आहे. दोघींपैकी एक फितूर आहे. कोण, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. दोन्ही नावं गाळा म्हणजे प्रश्न मिटला.

मावशी


२३ एप्रिल

ती. कंदीलमावशीस नमस्कार.

पुन्हा 'तू'वर आले आहे. त्याचं कारण खाली आहे, ते शांतपणे बसून वाच. हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं. पाठवावं की नाही हेच ठरत नव्हतं. तुला न सांगता नुसतं आईचं नाव तेवढं लावून घेता आलं असतं, असंही एकदा मनात आलं. पण मग मी पण तुमच्यातलीच एक झाले असते, पोटात एक आणि ओठात एक.

मागच्या आठवड्यात संग्रहालयातल्या बाईंनी बोलावलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटोंचा एक लिफाफा आणून दिला होता. ते त्या काळी तळावर शिपाई होते. त्यांनी कुंपणाचे फोटो काढले होते, आतल्या बाजूने. तुमच्यापैकी कुणी ते कुंपण आतून कधी पाहिलंय का गं? मी आता पाहिलं.

फोटोची एक प्रत सोबत पाठवते आहे. कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं आहे. कपडे, चित्रं, खेळणी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि मधोमध दारापेक्षा थोडा रुंद असा एक तुकडा अगदी स्वच्छ. नुसती तार, आणि तारेतून पलीकडचे तुमचे तंबू दिसतात. त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना वस्तूंवर वस्तू लोंबताहेत, तुम्ही तिथून काढून इकडे बांधलेल्या.

आधी मला त्या शिपायाचाच संशय आला. म्हटलं, हाही काही लपवत असेल, आता फितुराला पाठीशी घालत असेल. बाईंकडून पत्ता घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांत एकटे राहतात, कुंड्यांत टोमॅटो लावलेत, खालच्या दातांत फटी आहेत. मी विचारलं, तुम्हाला जागा कुणी सांगितली? त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले,

"बाई, कुणी कशाला सांगायला हवं? आमचे साहेब दुर्बीण लावून बघत होते. म्हणाले, या बायका रोज नवीन काहीतरी टांगतात, मग एवढाच तुकडा मोकळा का केलाय? दोन रात्री आम्हाला तिथे बसवलं."

मी पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं. ते तेच सांगत राहिले. फोटो त्यांनी बायकोला पाठवायला काढला होता, कुंपण बघायला छान दिसतं म्हणून.

मावशी, कुणीही फोडलं नाही. आईने नाही, तू नाही, शिट्टीने नाही. बायकांनी मोजे फाटू नयेत म्हणून ते उतरवले, आणि शिपायांनी ते पाहिलं. एवढंच झालं.

कल्पना तुझी होती हे मला माहीत आहे. तूच लिहिलंस. म्हणून तर पत्र फाडत होते. पण त्या कुंपणावरचं बाकी सगळं जळून गेलं. त्यातलं जगात जे काही उरलंय ते या पेटीत आहे, आणि ते तू उतरवायला लावलंस म्हणून उरलंय. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. संग्रहालयातल्या बाई मोजा हातात घेऊन तेच म्हणाल्या.

मी मागच्या पत्रात जे बोलले ते चुकलं. मला माफ कर.

तुझी
बटण


१४ मे

ती. मावशीस,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. परवा फोन केला तर तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. लॉन्ड्रीवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, वर दिवा असतो, बाई जिना उतरत नाहीत.

प्रदर्शन दहा जूनला उघडतंय. नावं दोन दिवस आधी भिंतीवर चढतील. आईचं आणि तुझं, दोन्ही नावं बाईंनी अजून थांबवून ठेवली आहेत. त्या म्हणतात, शेवटचा शब्द तुझाच. मी तुझ्यावर जोर करत नाही. तू काय लिहितेस याची मात्र रोज वाट बघते.

काही खातेस की नाही ते तरी कळव.

बटण


२ जून

चि. बटणास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. मीच उत्तर देत नव्हते.

पहिले आठ दिवस मी तो फोटो खोटा पाडण्यात घालवले. भिंग आणलं. म्हटलं, दुसऱ्या वर्षीचा असेल, दुसऱ्या बाजूचा असेल, त्या म्हाताऱ्याने कुठून तरी उचललेला असेल. मग मोकळ्या तुकड्याच्या कडेला एक दुपटं दिसलं. त्याची गाठ बघितली. प्रसूतीच्या वॉर्डात आम्ही नाळ बांधायचो ती गाठ आहे, आणि छावणीत तशी बांधणारी मी एकटीच होते. भिंग ठेवून दिलं.

मग तुझा राग आला. खरं सांगते, कुणीतरी फितूर निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. सुई निघाली असती, शिट्टी निघाली असती, अगदी वेड लागून मीच काही बोलून गेले असते तरी चाललं असतं. कुणीच नव्हतं, हे मला सोसत नाही. छत्री मरेपर्यंत एका चांगल्या बाईला शिव्या देत राहिली, आणि मी तिच्या उशाशी बसून मान डोलावत होते.

आम्हाला तेव्हा सगळीकडे पोलीस दिसायचे. एका बाईच्या बुटांवरून मी ओळखलं, त्याचा मला केवढा तोरा होता. मग मी कुणाकडेच सरळ बघितलं नाही. कुंपणाच्या आतून आपण कशा दिसतो, हे बघायचं मात्र एकीलाही सुचलं नाही.

तू विचारलं होतंस, मी तुमच्या घरी काय शोधत होते. मी स्वतःला सांगत आले की सुईवर लक्ष ठेवायला जाते. पण जायच्या आधी महिनाभर माझी तयारी चालायची. तिला हवा तसा दोरा मिळेपर्यंत मी दुकानं पालथी घालायचे. तिला सांगायच्या गोष्टी मी वर्षभर साठवायचे, इतर कुणाला सांगायचे नाही, शिळ्या होतील म्हणून. लक्ष ठेवायला जाणारी बाई असं करत नाही गं. आणि तीही दरवर्षी आपणहून लिहायची, कधी येतेस, खोली झाडून ठेवली आहे. तिचंही माझ्यासारखंच झालं असणार. दोघी एकमेकींच्या पाळतीवर राहून राहून मैत्रिणी झालो आणि दोघींनाही ते कळलं नाही. आता माझा संशय फिटला, तर ते सांगायला ती नाही. ती आपला संशय मनात तसाच घेऊन गेली. हे मला रोज सकाळी उठलं की आठवतं.

संग्रहालयाला काल पत्र टाकलं. सुईचं नाव लावा, आणि छत्रीच्या शेजारीच लावा. छत्रीला दिलेला शब्द मोडला, ते तिचं माझं मी बघून घेईन. माझंही नाव लावा. मोज्याखाली जे लिहायचं ते खरं लिहा. तो का उतरवला आणि त्यामुळे काय झालं, दोन्ही. कल्पना कंदीलची होती हेही लिहा. कुणाला विचारायचं असेल तर मी अजून जिवंत आहे.

दहा तारखेला सकाळच्या बसने येते. तू स्टँडवर ये, मला आता जिने आणि पायऱ्या एकटीने होत नाहीत. तिथलं आटोपलं की तुझ्याकडे आठवडाभर राहीन म्हणते. तिच्या खोलीत नको, मला जमणार नाही. बाहेर सोफ्यावर झोपेन.

आणि बटण, या खेपेला काही बघायला येत नाहीये. नुसती राहायला येतेय.

तुझी
मावशी